उंगर की ब्रन्सन?

पत्ते म्हटले की आपल्याकडे नाके मुरडली जातात. पोकर हा जुगार खराच. पण तो निव्वळ नशिबाचा खेळ असता, तर डॉयल ब्रन्सनने लास व्हेगासची जागतिक स्पर्धा १९७६ व १९७७ अशी लागोपाठ जिंकली नसती. (दोन्ही वर्षी शेवटच्या डावात हाती दश्शी आणि दुर्री! तेवढे मात्र नशीबच.)

१९८० साली त्याच ब्रन्सनला स्टू उंगरने अंतिम लढतीत हरवले. १९८१ आणि १९९७ सालीही उंगरच विजेता. आक्रमक दोघेही, समोरच्याला उसंत म्हणून द्यायची नाही. उंगरची बुद्धी अधिक तल्लख, हे मला मान्य आहे. पण पत्त्यांत मिळवलेले त्याने घोड्यांवर आणि कोकेनवर उधळले. तिसऱ्या विजेतेपदानंतर दीडच वर्षात, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो मोटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. अशा उद्ध्वस्त माणसालाच आपण मित्रमंडळी 'खरा कलंदर' म्हणून डोक्यावर घेतो. मला ते पटत नाही. ब्रन्सनने आपले डावपेच पुस्तकात लिहून टाकले. ते वाचून प्रतिस्पर्धी शहाणे झाले. तरी २००५ साली, एकाहत्तराव्या वर्षी, त्याने त्याच जागतिक मालिकेतली आणखी एक स्पर्धा जिंकली.