बाळंतपणाची पिशवी आठव्या महिन्यातच भरा

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत गेली, पण नगर रस्त्यावरची कोंडी काही हटली नाही. कळा सुरू झाल्यावर सामान शोधत बसाल, तर ससून गाठणार कधी? जुन्या सुती साडीचे धुतलेले तुकडे, झबली-टोपडी घ्या हे आयाबायांना सांगायला नको. राहतात ते कागद : माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा नि सोनोग्राफीचा रिपोर्ट, आधार, पासबुक. दगडखाणीवर आलेल्या बाईची तर नोंद गावाकडे आणि पोट इथं; कार्ड नसलं की डॉक्टरला मागचं काहीच कळत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधे, रक्त, जेवण मोफत आहे. तेव्हा औषधापायी मुकादमाकडून उचल घेऊ नका. गाडीसाठी १०२ किंवा १०८ फिरवा.