जुन्या पिकअपचे ‘अ‍ॅव्हरेज’ बाटलीत मिळत नाही

गावाकडचा भाजीपाला, दूध आणि पशुखाद्य वाहणाऱ्या पिकअप गाड्यांत दहा-पंधरा वर्षे जुन्या गाड्या काही कमी नाहीत. ‘गाडी जुनी झाली, आता अ‍ॅव्हरेज कुठून देणार?’ असे म्हणत मालक हात टेकतो, नाही तर डिझेलमध्ये ओतायची एखादी ‘जादूची’ बाटली विकत घेतो. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. महिन्याला २,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज १० वरून १२ वर गेले, तर ३३ लिटर डिझेल वाचते. तेवढ्याच धावेत २० चे २२ झाले, तर वाचतात जेमतेम ९ लिटर. म्हणजे कमी अ‍ॅव्हरेज देणाऱ्या जुन्या गाडीवर घेतलेली मेहनतच जास्त फळते.

ही मेहनत फार खर्चाचीही नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताशी ६० ऐवजी ८० ने धावणाऱ्या पिकअपला जवळजवळ पावणेदोन पट विरोध सोसावा लागतो. त्यात सैल ताडपत्री फडफडत असेल तर आणखी भर. टायरमध्ये हवा कमी असली की रबर जास्त दबते आणि इंजिनाची ताकद नुसती ते तापवण्यात जाते. फेरी संपल्यावर चारही चाकांजवळ हात न्यावा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेले असेल, तर तिथला ब्रेक धरत असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी दिवसभर ब्रेक ओढत पळते आणि बाटलीतले कोणतेही द्रव्य तो ब्रेक सोडवत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी अनेक उपकरणे आणि द्रव्ये तपासली; त्यांतल्या फारच थोड्यांचा किंचित उपयोग दिसला.

‘सावकाश गेलो तर बाजार चुकेल,’ ही तक्रार खोटी नाही. पण मोकळ्या रस्त्याच्या ६० किलोमीटरमध्ये ८० आणि ६० च्या वेगांत फरक पडतो पंधरा मिनिटांचा. तेवढे आधी निघणे बहुतेकांना जमण्यासारखे आहे. घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचते, हा समज मात्र घातक आहे. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे डिझेल जवळपास थांबते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतेच, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. आता इंजिनच झिजले असेल, गाडी निळा धूर ओकत असेल, तर हवा भरून भागणार नाही. तिथे कारागिराकडेच जावे लागेल. पण तो निर्णय अंदाजाने नव्हे, मोजून घ्यावा.

म्हणून मालकांनी पुढची बाटली घेण्याआधी एवढेच करावे : टाकी फुल्ल करून किलोमीटर लिहून ठेवावेत, हवा आणि ब्रेक तपासून घ्यावेत आणि पुन्हा टाकी फुल्ल करताना हिशेब मांडावा. डिझेल वाचले, तर त्यातला वाटा चालकालाही द्यावा. कारण अ‍ॅव्हरेज अखेर त्याच्याच पायाखाली असते.