‘अ‍ॅजिटेट’ म्हणजे नेमके काय?

गेल्या महिन्यात आम्ही लातूरला एका नातलगाकडे गेलो होतो. तेथील ताईंची मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयातच अडकून पडला होता. आम्ही सहज म्हणालो, "यावर अ‍ॅजिटेट केले पाहिजे." ताई एकदम घाबरल्या. "नको भाऊ, आंदोलन-बिंदोलन नको. पोरीचं नाव डोळ्यावर आलं तर परीक्षेला बसू देतील का?"

ताईंची भीती खोटी नाही. नामांतराच्या लढ्यात १९७८ साली नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तो एवढी किंमत मोजून. त्यामुळे हा शब्द कानावर पडला की आईबापांना जाळपोळ आणि पोलीस आठवतात. पण शब्दाचा अर्थ तेवढाच आहे काय?

‘अ‍ॅजिटेट’ हे क्रियापद लॅटिन भाषेतून आले. मूळ अर्थ, सतत हलवणे, गतीत ठेवणे. ‘अ‍ॅक्ट’, ‘एजंट’, ‘अजेंडा’ हे शब्द त्याच कुळातले. कपडे धुण्याच्या काही यंत्रांत पाणी व कपडे घुसळणारा दांडा असतो, त्याला ‘अ‍ॅजिटेटर’च म्हणतात. आपला ‘आंदोलन’ हा शब्दही असाच आहे. संस्कृतात त्याचा अर्थ झोके घेणे, हेलकावणे. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी दगड नाही, हालचाल आहे.

इंग्लंडमध्ये १६४७ साली पार्लमेंटच्या सैन्यातील शिपायांचा पगार थकला होता. तेव्हा शिपायांनी आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी आपल्यातूनच प्रतिनिधी निवडले. त्यांना ‘अ‍ॅजिटेटर’ म्हणत. थकलेल्या हक्काच्या पैशाशी या शब्दाचे नाते इतके जुने आहे!

आता वापर पाहू. एखाद्या मागणीसाठी लोकमत जागे करणे म्हणजे ‘अ‍ॅजिटेट फॉर’, अन्यायाविरुद्ध असेल तर ‘अ‍ॅजिटेट अगेन्स्ट’. मन अस्वस्थ झालेला माणूस ‘अ‍ॅजिटेटेड’. आपल्याकडे वकील मंडळी ‘अ‍ॅजिटेट द इश्यू’ असे लिहितात. तेथे अर्थ एवढाच की मुद्दा कोर्टापुढे मांडला. कचेरीतल्या कागदांतही हा प्रयोग आमच्या पाहण्यात येतो. त्यात ना मोर्चा, ना घोषणा!

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत जो उपदेश केला, त्याचा क्रम होता ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ’. हे तीन शब्द इंग्लंडमधील सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशन या समाजवादी संघटनेनेही १८८० च्या दशकात वापरले होते. मराठीत आपण ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असे म्हणतो. ही घोषणा आपल्या अंगी मुरली आहे, पण तीत मधला शब्द शेवटी गेला आणि त्याचा अर्थ निव्वळ झुंज असा झाला. आमच्या मते तो मधेच हवा. शिकलेले मन आधी ढवळले पाहिजे. ताक घुसळल्याशिवाय लोणी वर येत नाही, तसे मन ढवळल्याशिवाय माणसे एकत्र येत नाहीत.

ताईंना आम्ही हेच आमच्या भाषेत सांगितले. मग मुलीने स्वतः अर्ज लिहिला. शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या तारखेला भरला, तो कोणाकडे थांबला, पुढे केव्हा पाठवणार, एवढेच विचारले. वर्गात चौकशी केली तेव्हा आणखी तिघींचे अर्ज तसेच पडून असल्याचे कळले. चौघींनी सह्या केल्या आणि आवक क्रमांकासह पोच घेतली. आठवड्याने चारही अर्ज पुढे गेले. पैसे अजून यायचे आहेत.

परवा ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊ, पैसे नाही आले तर दुसरा कागद कसा लिहायचा, ते पोरीला सांगून ठेवा."

ताई आता अ‍ॅजिटेट होऊ लागल्या आहेत.