विश्लेषण : संशोधन सर्वांसाठी खुले, पण तपासले कोणी? वैद्यकीय जर्नलांचे अर्थकारण आणि खुलताबादचा डॉक्टर

समजा, खुलताबाद तालुक्यातल्या एका वस्तीवरून रात्री अकरा वाजता विंचू चावलेला मुलगा ग्रामीण रुग्णालयात आणला आहे. हातपाय गार पडलेत, अंगाला दरदरून घाम फुटलाय. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला औषध ठाऊक आहे. पण त्यासोबत प्रतिविषही द्यावे का, याची खात्री त्याला करून घ्यायची आहे. तो मोबाइल काढून शोधतो.

पहिला दुवा लगेच उघडतो. ब्रिटनच्या 'बीएमजे' या जर्नलमधला 2011 चा अभ्यास. तो झाला होता महाडमध्ये, सत्तर रुग्णांवर, आणि केला होता डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि प्रतिविष एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असा त्याचा निष्कर्ष. बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. विंचूदंशावर प्राझोसिन वापरण्याविषयीचे त्यांचे टिपण 1986 मध्येच 'लॅन्सेट'ने छापले होते. म्हणजे कोकणात राहून केलेले काम लंडनमार्गे पुन्हा मराठवाड्यातल्या डॉक्टरच्या हातात आले आणि त्याला ते फुकट वाचता आले. पुढचे दोन दुवे मात्र प्रत्येकी तीस-चाळीस डॉलर मागतात. चौथा दुवा फुकट आहे, पण त्या जर्नलचे नाव त्याने कधी ऐकलेले नाही.

या चौथ्या दुव्यावर विश्वास ठेवायचा का? गेल्या दोन वर्षांत वैद्यकीय संशोधन-प्रकाशनाविषयी सरकारी पातळीवर जे निर्णय झाले, ते या प्रश्नापर्यंत पोहोचतात का?

एक देश, एक सदस्यता, पण कोणासाठी?

25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे तेरा हजार जर्नले. सुमारे 6,300 संस्था आणि 1 कोटी 80 लाख विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक यांना लाभ होईल असे सांगण्यात आले.

योजना चांगलीच आहे. पण ती आहे शासकीय उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले 'घाटी', या वर्गात बसते. तिथून पंचवीसेक किलोमीटरवरचे खुलताबादचे ग्रामीण रुग्णालय ही शिक्षणसंस्था नाही. गावात दवाखाना चालवणारा खासगी डॉक्टरही त्यात नाही. घाटीत शिकताना ज्याला तेरा हजार जर्नले उघडी होती, त्याची बदली किंवा नेमणूक डोंगर ओलांडून खुलताबादला झाली, की ती बंद. मार्च 2025 मध्ये हे गाव औरंगजेबाच्या कबरीवरून देशभर बातम्यांत होते. हा प्रश्न अर्थातच कोणत्याही चर्चेत आला नाही.

म्हणून अशा गावासाठी ओपन ॲक्सेस, म्हणजे कोणालाही पैसे न देता वाचता येणारे संशोधन, ही व्यवहारातली गरज आहे. 2002 मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने ही कल्पना जगभर नेली. पण वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, तर जर्नल चालवायचे कसे?

पैसा उलटा वाहू लागला की

जुन्या पद्धतीत वाचक किंवा ग्रंथालय वर्गणी भरते. नव्या पद्धतीत अनेक ठिकाणी लेखकच पैसे भरतो. याला 'आर्टिकल प्रोसेसिंग चार्ज' म्हणतात. 'नेचर'ने 2020 मध्ये आपला दर जाहीर केला, तो एका निबंधाला 9,500 युरो होता. भारतातल्या साध्या प्राध्यापकाच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही.

आणि इथेच गोम आहे. लेखक पैसे भरणार असेल, तर जितके निबंध स्वीकारावे तितकी कमाई. नकार दिला की गिऱ्हाईक गेले. प्रामाणिक जर्नल हा मोह आवरते, कारण त्याला नाव टिकवायचे असते. ज्याला नावच नाही, त्याला आवरायचे काय? अमेरिकी ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा प्रकाशकांना 'प्रिडेटरी' म्हटले. हैदराबादच्या 'ओमिक्स' समूहाला अमेरिकेतल्या न्यायालयाने 2019 मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. खोटे संपादक मंडळ, लपवलेले शुल्क आणि नावापुरते परीक्षण, असे आरोप होते.

त्याआधी 2013 मध्ये पत्रकार जॉन बोहॅनन यांनी जाणूनबुजून चुका भरलेला, कर्करोगावरच्या कथित औषधाचा निबंध 304 ओपन ॲक्सेस जर्नलांना पाठवला होता. 157 जर्नलांनी तो स्वीकारला. हा प्रयोग फार गाजला. पण बोहॅनन यांनी तो निबंध वर्गणीवर चालणाऱ्या एकाही जर्नलला पाठवला नव्हता. त्यामुळे 'खुले म्हणजे भुक्कड' हा जो निष्कर्ष अनेकांनी काढला, तो त्या प्रयोगातून निघत नाही.

परळमधला धडा

तो निष्कर्ष खोटा ठरवणारे उदाहरण मुंबईतच आहे. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयातल्या प्राध्यापकांची स्टाफ सोसायटी 1955 पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' काढते. नव्या शतकाच्या सुरुवातीलाच या त्रैमासिकाने आपले अंक इंटरनेटवर सर्वांना खुले केले. वाचकाकडून पैसे नाहीत आणि लेखकाकडूनही नाहीत. छापील अंकाची वर्गणी चालूच होती. खुले केल्यावर निबंधांचे संदर्भ इतरांकडून जास्त घेतले जाऊ लागले का, याची मोजणी करून त्यांनी ती प्रसिद्धही केली. या प्रयोगात पुढे असलेले डॉ. देवकुमार साहू यांच्या 'मेडनो' या मुंबईच्या प्रकाशनसंस्थेने पुढे भारतातल्या अनेक वैद्यकीय संघटनांची जर्नले याच वाटेने नेली. 2011 मध्ये 'वोल्टर्स क्लुव्हर' या बहुराष्ट्रीय कंपनीने 'मेडनो' विकत घेतली.

म्हणजे खुलेपणासाठी लेखकाचा खिसा रिकामा करावाच लागतो असे नाही. संस्था खर्च उचलते, प्राध्यापक संपादनाचे काम बिनमोल करतात आणि जर्नल चालते. यात कोणाला नफा होत नाही, म्हणून कोणी याची जाहिरातही करत नाही.

मग बोगस जर्नलांना गिऱ्हाईक कोण देते?

आपणच, म्हणजे आपले नियम. वैद्यकीय शिक्षकाला पदोन्नतीसाठी ठरावीक संख्येने शोधनिबंध लागतात. 2015 मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने कोणते निबंध धरायचे हे ठरवताना 'इंडेक्स कोपर्निकस' ही वादग्रस्त सूची मान्य केली आणि फक्त इंटरनेटवर निघणारी जर्नले मात्र वगळली. उत्तम ऑनलाइन जर्नलातला निबंध धरायचा नाही, कागदावर छापलेला सुमार निबंध चालेल, असा त्याचा अर्थ. संपादकांनी टीका केली. 2020 मध्ये यादी बदलली आणि त्यात ओपन ॲक्सेस जर्नलांची तपासलेली सूची 'डोआज' आली. पण मधल्या काळात बाजार उभा राहिला तो राहिलाच. दिवसभर ओपीडी, संध्याकाळी वॉर्ड, हाती ना निधी ना वेळ. अशा प्राध्यापकाकडून निबंध मागितला तर तो कुठून आणणार? त्याचा दोष नाही असे मी म्हणत नाही, पण सगळा दोष त्याचा नाही.

वैद्यकीय क्षेत्राबाहेरही तेच घडले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची चाचणी केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या, इतर कोणत्याही सूचीत नसलेल्या जर्नलांपैकी 88 टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असे त्यांनी 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडले. त्याच वर्षी आयोगाने 4,305 नावे काढली. त्यातून 2019 मध्ये पुण्यातूनच चालवलेली 'केअर' यादी आली. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने तीही बंद केली. आता सुचवलेले निकष आहेत आणि ते लावून जर्नल पारखण्याचे काम संस्थांचे. यादीच्या त्रुटी खऱ्या होत्या. पण आधीच्या यादीत भुक्कड जर्नले सुचवली कोणी होती? विद्यापीठांनीच. त्यांच्याच हाती पुन्हा चाळणी दिली आहे.

चूक झाली, तर ती कशी झाली

आता वाचक विचारेल, चांगल्या जर्नलातही खोटे छापून येतेच ना? येते. मे 2018 मधला प्रकार बघा. मुंबईहून निघणारे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' 1993 पासून वैद्यकीय नीतीवर लिहीत आले आहे आणि वाचक-लेखक दोघांनाही ते विनामूल्य आहे. त्यात स्वीडनमधल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची वाढ आणि एचपीव्ही लस यांचा संबंध सुचवणारा लेख आला. लेखकाचे नाव लार्स अँडरसन, संस्था स्वीडनची विख्यात कॅरोलिन्स्का. कॅरोलिन्स्काने कळवले की असा माणूस त्या विभागात नाही. नाव टोपण होते, संस्था खोटी. नीतिशास्त्राचे जर्नलच फसले, ही नामुष्की लहान नव्हती, तीही लसीसारख्या नाजूक विषयावर. जर्नलने आधी दुरुस्ती छापली, मग त्याच महिन्यात लेख मागे घेतला आणि हे सगळे उघडपणे सांगितले.

माझ्या मते चांगल्या जर्नलची खरी ओळख इथे पटते. फसणे कोणालाही चुकत नाही. बोगस जर्नल मात्र लेख मागे घेतच नाही, किंवा तो गुपचूप गायब होतो आणि त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरत राहतो.

खुलताबादचा डॉक्टर त्या चौथ्या दुव्यात काय पाहू शकतो? आयएसएसएन क्रमांकावर जाऊ नये, तो कोणत्याही नियतकालिकाला मिळतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. शुल्क आधीच स्पष्ट लिहिले आहे का, संपादकांची नावे त्यांच्या संस्थांच्या संकेतस्थळावर सापडतात का, निबंध कधी आला आणि कधी स्वीकारला याच्या तारखा आहेत का, हे पाहावे. तीन दिवसांत स्वीकारलेला निबंध कोणी वाचलेला नसतो. औषधाची चाचणी असेल तर 'सीटीआरआय' या भारतीय नोंदवहीचा क्रमांक हवा. 15 जून 2009 पासून ही नोंद बंधनकारक आहे. चाचणी सुरू होण्याआधी नोंद झाली असेल, तर नकोसा निष्कर्ष दडवणे अवघड जाते.

फोटोतला रुग्ण

खुलेपणाची एक बाजू फार कमी बोलली जाते. तिचा संबंध डॉक्टरशी नाही, रुग्णाशी आहे. दुर्मीळ आजाराची 'केस रिपोर्ट' लिहिताना रुग्णाचा फोटो छापतात. पूर्वी तो ग्रंथालयातल्या अंकात राहायचा. आता तो जगात कोणीही, खुलताबादच्या बाजारात उभा असलेला शेजारीही, मोबाइलवर पाहू शकतो. डोळ्यांवर काळी पट्टी लावली की झाले, असा आपल्याकडे समज आहे. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या मते एवढी पट्टी पुरेशी नाही. लहान गावात माणूस नाकावरून, हातावरच्या गोंदणावरून ओळखू येतो. ओळख पटण्यासारखा मजकूर इंटरनेटवर येऊ शकतो, हे रुग्णाला आधी सांगायला हवे, असेही समिती सांगते.

रुग्णालयात दाखल करताना नातेवाइकांकडून घेतलेली सही यासाठी चालत नाही. प्रकाशनाची संमती वेगळी, ती रुग्णाला कळेल अशा भाषेत, मराठीत किंवा दखनीत समजावून घ्यायची असते. आणि त्याने 'नको' म्हटले, तरी उपचारात फरक पडणार नाही, हेही त्याच वेळी सांगायचे असते.