टीम बांधायची, पण बोलू कुणाला द्यायचं?



थंडी सुरू झाली की मस्कतच्या कंपन्यांना 'टीम बिल्डिंग'चा हुरूप येतो. कुणी वाहिबाच्या वाळूत तंबू ठोकतं, कुणी हॉटेलच्या हिरवळीवर रस्सीखेच लावतं. फोटो निघतात. रविवारी सगळे परत गालामध्ये कामावर येतात आणि पासपोर्टच्या रंगाप्रमाणे आपापल्या पायरीवर जाऊन बसतात. (ज्यांनी मस्कत पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: गाला म्हणजे इथलं भोसरी समजा.)

मी संशोधनाच्या क्षेत्रातला माणूस, मॅनेजमेंटची पुस्तकं बेतानेच वाचतो. पण एक अभ्यास मला पटला आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका मोजल्या. अपेक्षा अशी, की चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील. आकडे नेमके उलटे आले! चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथल्या नर्स चूक सांगायला भीत नव्हत्या. इतरत्र चुका होतच होत्या, फक्त दडपल्या जात होत्या.

मी सल्लागार असलेल्या एका प्रकल्पातली गोष्ट सांगतो. काँक्रीटच्या क्यूबची ताकद सात दिवसांना भरपूर आली आणि अठ्ठावीस दिवसांना घसरली. दोन आठवडे मीटिंगा चालल्या. सिमेंटवाल्यावर संशय, खडीवर संशय. शेवटी मी क्यूब सांभाळणाऱ्या टेक्निशियनशेजारी चहा घेऊन बसलो. त्याने वही काढली. ऐन ऑगस्टमध्ये क्युरिंग टाकीचा चिलर तीन दिवस बंद होता, तारखेसकट नोंद होती. गरम पाण्यात काँक्रीट लवकर ताकद धरतं आणि पुढे मागे पडतं, हे विज्ञान त्याला ठाऊक होतं. मग बोलला का नाही? "साब, पिछली बार जिसने बोला, उसी को मेमो मिला."

त्या दोन आठवड्यांत मीटिंगला बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या पदव्या एकत्र केल्या तर भिंत भरेल. वही मात्र ज्याला मीटिंगला बोलावलंच नाही त्याच्या खिशात.

ही भीती हवेतून आलेली नाही. २०२० अखेरपर्यंत जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र, म्हणजे आपलं ते एनओसी, नसेल तर इथे दुसरी नोकरी धरायला दोन वर्षं देशाबाहेर थांबावं लागे. गावाकडे कर्ज काढून आलेला माणूस अशा वेळी कुणाची चूक दाखवेल? १ जानेवारी २०२१ पासून करार संपल्यावर नोकरी बदलायला ती अट उरली नाही. कायदा बदलला, सवय नाही. त्यात एकाच कामाला पासपोर्ट बघून पगार. ते इथे गुपितही नाही. निम्म्या पगारावरच्या माणसाला 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणणं ही मला थट्टा वाटते.

आपण मराठी मंडळी मधल्या पायरीवर आहोत आणि तिथली आपली वागणूक फारशी भूषणावह नाही. १९७९च्या ऑगस्टमध्ये एसएलव्ही-३ समुद्रात पडलं तेव्हा सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर बसले, आणि जुलै १९८०मध्ये यश आलं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. ही गोष्ट आपण वर्षातून चारदा फॉरवर्ड करतो. मग रविवारी ऑफिसात जाऊन ज्युनिअरने केलेल्या रिपोर्टवर स्वतःचं नाव घालतो.

आणि ओमानी सहकारी? ओमानायझेशनच्या कोट्यातून आलेल्या तरुण इंजिनिअर मुलीला वर्षभर फाइल लावायला देतात आणि 'यांना काम नको असतं' म्हणतात. तिला हिशोबाची स्प्रेडशीट द्यायची नाही, कारण ती शिकली तर आपलं तिकीट कटेल. शिवसेना १९६६ साली उभी राहिली ती भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांच्या प्रश्नावर. मुंबईत तो आपल्याला न्याय वाटला, मस्कतमध्ये अन्याय कसा झाला?

माझ्या हाताखाली आता सात जण आहेत. सोमवारच्या मीटिंगमध्ये सर्वांत कमी पगाराचा माणूस आधी बोलतो, हिंदी, अरबी, मल्याळम, जमेल त्या भाषेत, आणि मी शेवटी. स्प्रेडशीटला पासवर्ड नाही. एका सीनिअरने यावर नाराजी म्हणून बदली मागितली, ती मी दिली. चिलरच्या वहीवर आता दोन सह्या असतात, त्यातली एक त्या ओमानी मुलीची.