दूध सोडणं आपल्याला नवीन नाही



'व्हीगन' शब्द निघाला की मोठी माणसं म्हणतात, हे शहरातलं फॅड, दुधातुपाशिवाय माणूस राहील कसा? मला नवल वाटतं. चैत्रात आणि आश्विनात आपण 9-9 दिवस आयंबिलची ओळी करतो. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, तळण, सहाही विगई बंद. माझ्या सासूबाई वर्षातले 18 दिवस दुधाशिवाय काढतात, तेही एका वेळच्या जेवणावर.

आयंबिल रसत्यागासाठी, माझं दूध सोडणं वासरासाठी. हेतू वेगळा, मान्य. पण 'जमत नाही' म्हणायला जागा उरत नाही.

आणि खानदेशात बदामाचं दूध हवंच कशाला? ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर कच्चं तेल. वांगं बहुबीज, म्हणून भरीत आपल्याकडे नाही. पण सावद्यात केळीला काय तोटा? बटाट्याच्या जागी कच्चं केळं, बाजारातून सायकलच्या पिशवीत घरी.

सायकल मी पेट्रोल वाचवायलाच घेतली असं नाही. साधू-साध्वी ईर्यासमिती पाळत, जमीन बघत चालतात. आपल्याला तेवढं जमत नाही, पण पावसाळ्यात रस्त्यावरची गोगलगाय सायकलवरून दिसते, गाडीवरून नाही. (मे महिन्यातल्या दुपारी मात्र मी घरीच. आपलं ऊन पंचेचाळिशी गाठतं!)

अडलंय ते पक्षालाच्या दुधावर. माझं मत, पक्षाल नुसत्या पाण्याने करावा. भावना तीच राहते. सासूबाई अजून हो म्हणालेल्या नाहीत.