आधी टेप लावा, मग गाडी उचला

"दादा, दोन इंच वर घेऊन द्या, पण खर्चात पाडू नका." करंजाडे नोडमध्ये गॅरेज असलेल्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. म्हणणारा छोटा हाथीवाला असतो, नाहीतर बोलेरो पिकअपवाला. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून सळई भरायची आणि जिथे अजून रस्ताच झालेला नाही अशा इमारतीच्या दारात उतरवायची, हा धंदा. खालून दगड घासतो, म्हणून गाडी उंच हवी.

आमचा पहिला प्रश्न साधा आहे: घासतं नेमकं काय? गाडी रॅम्पवर घ्या आणि ओरखडे बघा. ते डिफरन्शियलच्या पोटावर असतील तर पाटे वाढवून, शॅकल लांब करून किंवा ठोकळे घालून काडीचाही फायदा नाही. या उपायांनी चासी वर जाते, अ‍ॅक्सल जिथल्या तिथे राहतो. अ‍ॅक्सल उचलतो फक्त टायर, आणि तोही व्यास एक इंच वाढला तर अर्धाच इंच. ग्राहकाला हे सांगितलं की तो आपल्याकडे संशयाने बघतो, तरी सांगावंच.

ओरखडे चासीवर किंवा सायलेन्सरवर असतील, तर दुसरा प्रश्न: ही गाडी मुळात बुटकी आहे की बसली आहे? सपाट जमिनीवर, रिकाम्या गाडीत, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांशी टेप लावा आणि त्याच मॉडेलच्या नव्या गाडीशी ताडून बघा. आमच्या अनुभवात निम्म्याहून अधिक गाड्या बसलेल्या निघतात. पाटा तुटलेला, सेंटर बोल्ट झिजलेला, बूश खलास. नवे पाटे टाकले की हरवलेली उंची परत मिळते, आणि कायद्याचाही प्रश्न उरत नाही. सगळ्यात स्वस्त 'लिफ्ट' हीच. गॅसने लाल करून कमान वाढवून देणारे कारागीर अजून भेटतात. पण तापवलेल्या पाट्याला नीट पाणी दिलं नाही, तर तो मऊ पडतो आणि भार पडताच पुन्हा बसतो.

एवढं करूनही उंची हवीच असेल, तर हिशेब माहीत असू द्या. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी साधारण एकच इंच वर येते, वर अ‍ॅक्सल फिरून जॉइंटचा कोन बिघडतो. जास्तीचा पाटा रिकाम्या गाडीला उचलतो, पण कडकपणाही वाढवतो. आरसीवरचं वजन मात्र त्याने एक किलोही वाढत नाही. ठोकळा मागच्या अ‍ॅक्सललाच, एकच आणि लोखंडी. पुढच्या अ‍ॅक्सलला ठोकळा कधीच नाही. लाकडाच्या गुटक्यावर उभी केलेली गाडी समोर आली तर काम नाकारा.

ब्रेककडे आपलं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. चासी आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये दांडी असलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह अनेक पिकअपमध्ये असतो. मागचा भाग वर गेला की त्याला गाडी रिकामी वाटते, आणि तो मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. भरलेली गाडी, कर्नाळ्याच्या खिंडीतला उतार, आणि ब्रेक रिकाम्या गाडीचा! उचलल्यावर ही दांडी पुन्हा जुळवलीच पाहिजे. हेडलाइटचा झोतही.

कायदाही ग्राहकाला आपणच सांगायला हवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "सगळेच करतात" हे उत्तर अपघातानंतर विमा कंपनीसमोर टिकत नाही.

पाट्याचं कुठलंही काम केलं की यू-बोल्ट नवेच लावा. काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा ओढायला गाडी बोलवा. ग्राहक आपणहून येत नाही. फोन आपल्यालाच करावा लागतो.